या चुका टाळा : व्हिएतनाममध्ये जोडीने बसप्रवास करताना

हनोई ते सायगाव (आताचे हो ची मिन्ह सिटी) हे सुमारे १,७०० किलोमीटरचे अंतर आम्ही पतिपत्नींनी पाठीवर एकेक सॅक घेऊन, बहुतांशी रात्रीच्या स्लीपर बसने, दोनदा पार केले आहे. तेव्हापासून नात्यातली आणि ओळखीतली तरुण जोडपी निघण्यापूर्वी आमच्या घरी येऊन बसतात, सगळे टिपून घेतात आणि परत आल्यावर पुन्हा त्याच फजित्या सांगतात. एकट्याने निघालेला माणूस जपून असतो, कारण त्याला दुसऱ्या कोणाचा भरवसा नसतो. जोडीने निघालेल्यांच्या बहुतेक चुका मात्र ‘तिने पाहिले असेल’ आणि ‘त्याने घेतले असेल’ या दोन समजुतींमुळे होतात, आणि त्या टाळता येण्यासारख्या असतात म्हणूनच त्यांचा मला फार त्रास होतो.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दोघांचे पासपोर्ट एकत्र ठेवणे. व्हिएतनाममध्ये उतरलेल्या परदेशी पाहुण्यांची नोंद हॉटेलला पोलिसांकडे करावी लागते, म्हणून काउंटरवर पासपोर्ट मागतात. काही ठिकाणी नोंद झाली की लगेच परत देतात, तर काही लहान गेस्टहाउसमध्ये ते आपण निघेपर्यंत खणातच राहतात. पहिल्या प्रवासात आम्ही निन्ह बिन्हजवळच्या ताम कोक येथे दोन दिवस राहिलो होतो. भातशेतीतून वाहणाऱ्या नदीत, पायांनी वल्ही मारणाऱ्या नावाडीणबाईंच्या होडीतून फिरून आलो, जेवलो आणि मध्य व्हिएतनाममधल्या हुए शहराला जाणाऱ्या रात्री साडेनऊच्या बसची वाट पाहत बसलो. न्यायला येणारी व्हॅन वीस मिनिटे आधीच दारात उभी राहिली. माझ्या पतींनी, म्हणजे यजमानांनी, घाईघाईने बिल चुकते केले, तोवर मी दोन्ही सॅक बाहेर नेल्या, आणि आम्ही निघालो.

थान्ह होआ शहर मागे टाकून बस एका ढाब्यावर थांबली. चहासाठी सुटे पैसे काढायला यजमानांनी कमरेच्या पाऊचला हात लावला, तर तो सपाट लागला. “पासपोर्ट तू घेतलेस ना?” त्यांनी विचारले. बिल त्यांनी भरले, म्हणजे पासपोर्टही त्यांनीच घेतले असणार, असे मी धरून चालले होते. आणि मी आधीच बाहेर पडले, म्हणजे माझे काम आटोपूनच पडले असणार, असे त्यांनी धरले होते. बसच्या वाहकाला इंग्रजी येत नव्हते, पण ‘पासपोर्ट’ हा शब्द त्याला कळला. त्याने काही न बोलता डिकी उघडली आणि आमच्या दोन्ही सॅक काढून जमिनीवर ठेवल्या. ढाब्याच्या मालकिणीने गाडी मिळवून दिली आणि रात्री दीडच्या सुमारास आम्ही पुन्हा त्याच दारात उभे राहिलो. मच्छरदाणीतून उठलेल्या रखवालदाराने खण उघडला. आमचे दोन निळे पासपोर्ट एका रबरबँडने बांधून, खोलीचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसह आत ठेवलेले होते.

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसे त्या पासपोर्टांचे झाले होते. गाडीचे भाडे, दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटे आणि हुएमधला गमावलेला एक दिवस, एवढी त्याची किंमत मोजली. तेव्हापासून ज्याचा पासपोर्ट त्याच्याच अंगावर असतो, काउंटरवर जो तो स्वतःचा मागून घेतो आणि पासपोर्ट हातात पडल्याशिवाय खोलीची किल्ली आम्ही परत करत नाही. फोनमध्ये फोटो काढून ठेवला की भागते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो फोटो हरवल्याची तक्रार लिहिताना उपयोगी पडतो, पण विमानात बसण्यासाठी पासपोर्टच लागतो.

दुसरी चूक मला मनापासून खटकते, कारण ती हुशारी म्हणून सांगितली जाते. रात्री बसमध्ये झोपायचे म्हणजे हॉटेलचे पैसे वाचतात, या हिशेबाने मंडळी दहा दिवसांत अख्खा देश बसवतात आणि लागोपाठ तीन-तीन रात्री बसमध्ये काढतात. हनोईहून हुएला बारा तास किंवा त्याहून अधिक लागतात, बस बऱ्याचदा भल्या पहाटे पोहोचते आणि खोली मात्र दुपारी मिळते. माझा भाचा आणि त्याची पत्नी अशा तिसऱ्या रात्रीनंतर होई आनला पोहोचले. १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले ते जुने शहर, त्यातल्या पिवळ्या भिंती, नदीकाठचे कंदील, यांतले काहीही त्यांनी पाहिले नाही. दिवसभर पडदे ओढून ते झोपले आणि संध्याकाळी उठल्यावर जेवायला कुठे जायचे यावरून भांडले. त्या भांडणाचे कारण जेवण नव्हते, हे मला त्यांना परत आल्यावर समजावून सांगावे लागले. आमचा शिरस्ता असा आहे की, एक रात्र बसमध्ये गेली तर पुढच्या दोन रात्री पलंगावर काढायच्या, आणि बस पाचच्या आत पोहोचणार असेल तर आदल्या रात्रीपासूनच खोली घेऊन ठेवायची. मग पैसे वाचत नाहीत हे खरे, पण वाचवायचेच असतील तर एक शहर कमी करावे.

जवळचे टप्पे दिवसा करावेत. त्यातही हुए ते दा नांग या एका टप्प्यापुरते बसचे वेड बाजूला ठेवावे, असे मी आग्रहाने सांगते. हाय व्हान घाटाचे वर्णन वाचून लोक बसची खिडकी धरून बसतात, परंतु २००५ साली सहा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाल्यापासून बस साधारणपणे त्यातूनच जाते आणि खिडकीतून फक्त दिवे दिसतात. रेल्वेचा मार्ग मात्र समुद्राला लगटून, डोंगराच्या कडेकडेने जातो. अडीच-तीन तासांचा तो प्रवास आम्ही दोन्ही वेळा आगगाडीनेच केला.

तिसरी चूक, दोघांत मिळून एकच सिमकार्ड घेणे. स्लीपर बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घालावे लागतात आणि वाटेतल्या थांब्यावर उतरताना वाहकाने पुढे केलेल्या टोपलीतल्या सामाईक प्लॅस्टिकच्या सपाता पायांत घालाव्या लागतात. रात्री दोन वाजता, परक्या सपाता घालून, एकीसारख्या एक दिसणाऱ्या सात-आठ बसच्या रांगेत आपली बस शोधणाऱ्या माणसाकडे फोन नसेल, तर काय होते याची कल्पना करावी. बस सुटण्याआधी दर वेळी माणसे मोजली जातीलच, असे नाही. दोघांनीही आपापले सिम घ्यावे आणि चढण्यापूर्वी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असावा. तिथेही प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना आपल्याकडच्यासारखी पिवळी पाटी असते आणि तिच्यावरचे पहिले दोन आकडे प्रांताचे असतात. २९ हनोईचे, ४३ दा नांगचे, ७५ हुएचे. हे आकडे लक्षात असले की अर्धी रांग आपोआप बाद होते.

बर्थ शेजारी-शेजारी मिळतील असे गृहीत धरू नये. नेहमीच्या स्लीपरमध्ये एकेरी बर्थच्या तीन रांगा असतात, आणि अगदी मागे जिथे पाच बर्थ एकमेकांना चिकटून असतात ती जागा मागून घेऊ नये. पाच फूट दहा इंचांच्या माणसाचे पाय ते ठेवण्यासाठी पुढे केलेल्या खोक्यात मावत नाहीत, हे यजमानांच्या गुडघ्यांवरून मी सांगू शकते.

वीस हजार आणि पाच लाख डोंगच्या (डोंग हे तिथले चलन) नोटा दोन्ही निळ्या असतात आणि त्यांच्या किमतीत पंचवीस पटींचा फरक असतो, म्हणून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. मध्येच कंबोडियाला जाऊन परत यायचे असेल तर एकदाच प्रवेश देणारा ई-व्हिसा चालत नाही. तेत म्हणजे त्यांचे चांद्र नववर्ष. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य यांदरम्यान कधी येते ते आधी पाहावे, कारण त्या दिवसांत अवघा देश गावी जायला निघालेला असतो.

शाकाहारी मंडळींनी ‘चाय’ हा शब्द पाठ करावा. तिथे त्याचा अर्थ चहा नसून शाकाहार असा आहे, आणि ‘कोम चाय’ लिहिलेल्या खानावळीत निर्धास्तपणे बसता येते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक बौद्ध भाविक मांसाहार करत नाहीत, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास अशा खानावळी गजबजलेल्या असतात. मात्र महामार्गावरच्या रात्रीच्या ढाब्यांवर साध्या भाजीतही माशांचा सॉस असू शकतो. आम्ही बसमध्ये चढण्यापूर्वी केळी, भाजलेले शेंगदाणे आणि दोन पाव घेतो, आणि तेही दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवतो.