खारघरला ट्रायलची चौकशी करायला जाताना

प्रोस्टेट कॅन्सरवर हार्मोनचे उपचार चालेनासे झाले आणि नव्या औषधाची ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची चाचणी, आहे का हे विचारायला वडिलांना खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) न्यायचं ठरलं, की आधी फाइल तारीखवार लावा. कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी आणि का थांबलं, हे एका पानावर लिहून सगळ्यात वर ठेवा. अबिराटेरोन, एन्झालुटामाइड (दोन्ही हार्मोनच्या गोळ्या), डोसीटॅक्सेल (केमो) यांपैकी काय देऊन झालंय, यावर ट्रायलमध्ये घेणं न घेणं बरंचसं ठरतं. त्रास झाला म्हणून थांबवलं की पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा रक्तातला आकडा) वाढला म्हणून, हेही लिहा.

पीएसएचे सगळे आकडे हवेत, शक्यतो एकाच लॅबचे. सोबत टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे उपचारांनी दाबून ठेवलेल्या पुरुषी हार्मोनचा, ताजा रिपोर्ट. नेमका हाच बऱ्याच फायलींत नसतो. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असूनही आजार वाढतोय, हे दिसल्याशिवाय तो हार्मोनला दाद देत नाही असं म्हणता येत नाही. कधी कधी नुसतं ते खाली ठेवणारं इंजेक्शन लांबलेलं असतं! शेवटच्या इंजेक्शनची तारीख म्हणूनच लागते.

बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या, मिळायला वेळ लागतो. ओलापॅरिबसारखं औषध बीआरसीएसारख्या जीनमध्ये बिघाड असेल तरच उपयोगी, आणि तो तपासायला गाठीचा तुकडा किंवा रक्त लागतं. २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाच्या उपचारासाठी कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए हे प्रथिन आहे का, हे पेट स्कॅनमध्ये बघतात. स्कॅन झालेला असेल तर रिपोर्टबरोबर सीडीही न्या.

बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. काढे-चूर्णंसुद्धा. डॉक्टर ओरडतील म्हणून बाबा ती लपवतात, पण यकृताचा रिपोर्ट बिघडला तर दोष कोणाला द्यायचा?

विचारायचे प्रश्न लिहून न्या. कोणाला नवं औषध आणि कोणाला नेहमीचं, हे कसं ठरतं? तपासण्यांचा खर्च कोण करणार? ट्रायलमुळे इजा झाली तर? औषधांच्या ट्रायलसाठीच्या २०१९च्या नियमांत मोफत उपचारांची आणि भरपाईची तरतूद आहे, तरी संमतीपत्रात ती वाचून घ्या, आणि संमतीपत्र मराठीतच मागा. मधेच बाहेर पडता येतं, हे बाबांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक टिपून घ्या.

योग्य ट्रायल त्या वेळी चालू असेलच असं नाही, तेव्हा आधी फोन करा. ठाण्याहून निघणार असाल तर थेट पनवेल लोकल पकडा, वाशीची आली तर सोडून द्या. हाडं दुखणाऱ्या माणसाला मधे गाडी बदलायला लावू नका.