मुंबईत नवीन आलात? आधी तब्येतीची एक वही करा

गावाकडचा डॉक्टर आपल्या घराला ओळखत असतो. वडिलांना शुगर होती, तुम्हाला अमुक इंजेक्शन सोसत नाही, हे त्याला निराळं सांगावं लागत नाही. मुंबईत ती ओळख संपते. केईएम, नायर, सायन, कूपर, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात जा. समोरचा डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदाच बघत असतो आणि दाराबाहेर रांग लागलेली असते. त्या चार-पाच मिनिटांत नेमकं सांगता आलं तरच उपयोग. म्हणून साताऱ्याकडून कोणी नवीन आलं की मी पहिलं हेच सांगतो: एक साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्येही लिहा हवं तर, पण बॅटरी ऐन वेळी संपते. वही कोणाच्याही हातात देता येते.

पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट, जुने आजार, ऑपरेशन झालं असेल तर कशाचं आणि कोणत्या साली, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आलं किंवा दम लागला. ही शेवटची ओळ लाल पेनने लिहा. खाली घरच्या माणसाचा फोन नंबर. रूमवर सगळेच नवखे असतात; तुम्ही तापात बरळत असाल तेव्हा हे पान तुमच्या वतीने बोलेल.

पुढच्या पानांवर दुखणं सुरू झाल्या दिवसापासून तारखेने लिहायचं. ‘बरेच दिवस ताप आहे’ यातून डॉक्टरला काही कळत नाही. असं लिहा: ‘सोमवार, संध्याकाळी 7, थंडी वाजून ताप, 102. पॅरासिटामॉल 500 घेतली, रात्री घाम येऊन उतरला. मंगळवारी नाही. बुधवारी पुन्हा संध्याकाळी.’ एवढ्या तीन ओळींवरून तो मलेरियाची तपासणी आधी सांगेल. तुमचं काम बांधकामाच्या साइटवर असेल तर तेही लिहा, तिथे साचलेल्या पाण्यात डास वाढतात.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. हिंदमाता, सायन, मिलन सबवे, कुठल्याही तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलात तर ती तारीख वहीत घाला, पायाला जखम होती का तेही. लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार उंदरांच्या मुतातून त्या पाण्यात येतो. पाण्यातून गेल्यावर ताप यायची वाट न बघता 72 तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा, डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात. मेडिकलमधून मनाने घेऊ नका. गरोदर बाई आणि लहान मुलांचं औषध वेगळं असतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची तपासणी करून घ्याच. दाटीच्या खोल्यांमध्ये टीबी पसरायला वेळ लागत नाही, आणि सरकारी उपचार मोफत आहे.

गोळ्यांबाबत एक बारीक गोष्ट. मेडिकलवाला पट्टीतून चार गोळ्या कापून देतो आणि औषधाचं नाव, मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर त्याच्याकडेच राहते. काउंटरवरच पूर्ण पट्टीचा फोटो काढा, कोणी नाही म्हणत नाही. गावाहून आणलेला काढा, वैद्याची भुकटी, हेही डॉक्टरांना सांगायचं. ते रागावतील म्हणून लपवू नका, काही औषधं एकमेकांत बाधतात. ईसीजीचा कागद काही महिन्यांत फिका पडतो, त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

ओपीडीला सकाळी लवकर जा, केसपेपरची खिडकी फार वेळ उघडी नसते. मोठ्या हॉस्पिटलात प्रत्येक युनिटचे, म्हणजे डॉक्टरांच्या गटाचे, वार ठरलेले असतात. मंगळवारच्या डॉक्टरला दाखवलंत तर पुढच्या वेळीही त्याच युनिटच्या वारी जायचं, नाहीतर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. शुगर तपासायची असेल तर आठ-दहा तास उपाशी. पाणी चालतं, चहा नाही. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा. जिना चढून धापा टाकत हात पुढे केला की आकडा चढाच येणार.

बाहेर पडण्याआधी तिथेच विचारून वहीत लिहा: कोणती गोळी कशासाठी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, आणि काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं. विचारायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. रात्रीबेरात्री अडलं तर 108 ला फोन करा, ॲम्ब्युलन्स मोफत येते.

आई-वडिलांना उपचारासाठी इथे बोलावणार असाल तर एसटीत बसण्याआधीच सांगा: जुने सगळे रिपोर्ट, एक्स-रे न दुमडता, चालू गोळ्या पट्टीसकट, रेशनकार्ड आणि आधार. महात्मा फुले या सरकारी मोफत उपचाराच्या योजनेत बसतं का, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी विचारता येतं. टाटा मेमोरियल या कॅन्सरच्या हॉस्पिटलला दाखवायचं असेल आणि गावाकडे बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) झाली असेल, तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. त्या लॅबमधून स्लाइड (तुकड्याचा काप लावलेली काच) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या, नाहीतर त्यासाठी कोणाला तरी परत गावी पाठवावं लागेल.