आयनिक संयुगांची नावं आणि सूत्रं: मोजणी ऋण मूलकाकडून करा

सूत्रं शिकवायची वेळ आली की बहुतेक क्लासवाले मुलांच्या हातात तिरकस गुणाकार देतात आणि मोकळे होतात. मूलक म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट, आणि त्या प्रभाराचा आकडा म्हणजे संयुजा. तिरकस गुणाकारात एका मूलकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी लिहायची, एवढंच. तिरकस गुणाकाराशी माझं भांडण नाही. पण तो नावाकडून सूत्राकडे जायलाच चालतो. सूत्रावरून नाव काढायचं असेल तर तोच उलटा फिरवा, असं जे सर्रास सांगितलं जातं ते चुकीचं आहे. हातातले गुण मुलं तिथेच घालवतात.

संज्ञा आणि नेहमीच्या मूलकांच्या संयुजा पाठ आहेत असं धरून चालतो. नसतील तर आधी ते करा, त्याला पर्याय नाही. इथे सूत्रं मी तोंडी सांगतो तशी लिहिली आहेत, म्हणजे ए एल टू ओ थ्री वगैरे. वहीत अर्थातच रोमन अक्षरं येतील आणि आकडा अक्षराच्या पायाशी, लहान.

१. संयुग आयनिक आहे ना, ते बघा. सुरुवातीला धातू किंवा अमोनियम असेल तर पुढे चला. कार्बन डायऑक्साइडचं प्रकरण वेगळं, ते इथे नको.

२. धन मूलक डावीकडे, ऋण मूलक उजवीकडे. नावातही हाच क्रम. सोडियम क्लोराइड, एन ए सी एल.

३. तिरकस गुणाकार करा आणि आकडे लहान करा. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, ऑक्साइडची २, म्हणून ए एल टू ओ थ्री. कॅल्शियम २ आणि ऑक्साइड २, म्हणून आधी सी ए टू ओ टू येतं. दोन्ही आकड्यांना दोनने भागा, सी ए ओ उरतं. हाच कळीचा चुना. यामागचा नियम एवढाच की धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य झाली पाहिजे. पुढे सगळं यावरच उभं आहे.

४. कंस. संयुक्त मूलक, म्हणजे वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या अणूंचा गट, एकापेक्षा जास्त वेळा आलं तरच कंस घाला. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड: सी ए, कंसात ओ एच, कंसाबाहेर टू. कंस गाळलात तर तो दोन फक्त हायड्रोजनला लागतो आणि एक ऑक्सिजन गायब होतो. उलट सोडियम हायड्रॉक्साइडला कंस घालणारेही असतात, गरज नाही.

५. नावाचा शेवट. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाही, सल्फाइटमध्ये तीन, सल्फेटमध्ये चार. तिघांचीही संयुजा २. नायट्राइट आणि नायट्रेटचं असंच, ऑक्सिजन दोन आणि तीन, संयुजा १. ‘आइड’ दिसलं की ऑक्सिजन नाही असं मात्र समजू नका, हायड्रॉक्साइड तिथेच बसलेलं आहे.

आणि कृपा करून कॅल्शियम डायक्लोराइड लिहू नका. आयनिक संयुगात अणूंची संख्या नावात सांगत नाहीत, ती संयुजेवरून कळते. कॅल्शियम क्लोराइड, बस्स. ‘डाय’ येतो तो मूलकाच्या स्वतःच्या नावाचा भाग असेल तेव्हाच. द्राक्षबागायतदार ज्याला ०-५२-३४ म्हणतात, ते खत म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, के एच टू पी ओ फोर. तिथे ‘डायहायड्रोजन फॉस्फेट’ हे अख्खं एक मूलक आहे, संयुजा १.

६. परिवर्ती संयुजेचे धातू. आता खरं काम. लोह, तांबं, कथील, शिसं, पारा यांना एकाहून जास्त संयुजा असतात. मी शाळेत असताना हा भाग ‘पाठ करा’ एवढ्यावर उरकला गेला होता. बरीच वर्षं तो माझ्याही डोक्यात अर्धवटच होता, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

आधी ते उलटं फिरवण्याचं बघू. सी यू ओ या सूत्राचं नाव काय? उलटा तिरकस गुणाकार करणारा म्हणतो, ऑक्सिजनच्या पायाशी काही नाही म्हणजे १, तोच तांब्याकडे गेला, म्हणून कॉपर-वन ऑक्साइड, म्हणजे १ संयुजेच्या तांब्याचं ऑक्साइड. साफ चूक. कॉपर-वन ऑक्साइड म्हणजे सी यू टू ओ, तांबड्या रंगाचं. सी यू ओ हे काळं असतं आणि ते कॉपर-टू ऑक्साइड. चूक होते कारण तिसऱ्या पायरीत आपण आकडे लहान केलेले असतात. लहान केल्यावर मूळ आकडे सूत्रात उरतच नाहीत, मग उलटं फिरवून ते मिळणार कुठून?

हा सल्ला तरीही टिकून आहे, त्याचं कारण सरावाची उदाहरणं. त्यात बहुतेक क्लोराइडं असतात. एफ ई सी एल थ्रीमध्ये क्लोराइडची संयुजा १, आकडे लहान करायची वेळच येत नाही, त्यामुळे उलटं फिरवलं तरी उत्तर बरोबर येतं. ऑक्साइड किंवा सल्फेट आलं की फसगत.

बरोबर रीत अशी. धातू अंगठ्याने झाका. फक्त ऋण मूलक बघा, कारण त्याचा प्रभार बदलत नाही. एकूण ऋण प्रभार मोजा. मग अंगठा काढा आणि तो आकडा धातूच्या अणूंमध्ये सारखा वाटा. प्रत्येक अणूच्या वाट्याला जो आकडा आला, तोच धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंकात लिहायचा.

एफ ई टू ओ थ्री घ्या. तीन ऑक्साइड, प्रत्येकी २, एकूण ६ ऋण. लोहाचे अणू दोन, प्रत्येकी ३. आयर्न-थ्री ऑक्साइड. एस एन ओ टू: दोन ऑक्साइड, ४ ऋण, कथिलाचा अणू एकच. टिन-फोर ऑक्साइड, उलटं फिरवणाऱ्याला इथे टिन-टू मिळालं असतं. एफ ई टू, कंसात एस ओ फोर, बाहेर थ्री: तीन सल्फेट, ६ ऋण, दोन लोह. आयर्न-थ्री सल्फेट. इथे एस ओ फोरमधला चार मोजायचा नाही. तो सल्फेटच्या पोटातला आकडा आहे, प्रभाराशी त्याचा संबंध नाही.

दुसरा घोळ नावावरून सूत्र लिहिताना होतो. आयर्न-थ्री ऑक्साइड म्हटलं की एफ ई ओ थ्री लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. तो तीन अणूंची संख्या नव्हे, लोहाच्या एका अणूवरचा प्रभार आहे. तो संयुजा म्हणून घ्या आणि नेहमीसारखा तिरकस गुणाकार करा. लेड-फोर ऑक्साइड: शिसं ४, ऑक्साइड २, आधी पी बी टू ओ फोर, लहान करून पी बी ओ टू.

फेरस-फेरिक, क्युप्रस-क्युप्रिक ही जुनी नावं. ‘अस’ म्हणजे दोन आणि ‘इक’ म्हणजे तीन असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ‘अस’ म्हणजे त्या धातूची कमी संयुजा, ‘इक’ म्हणजे जास्त, एवढंच. फेरस २ आणि फेरिक ३, पण क्युप्रस १ आणि क्युप्रिक २, स्टॅनस २ आणि स्टॅनिक ४. म्हणूनच आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये आकडा थेट नावात घालायची पद्धत सुचवली, आणि माझ्या मते शिकवायची तीच. जुनी नावं ओळखीपुरती ठेवा, कारण लोहाच्या गोळ्यांवर आणि खताच्या गोणीवर अजून ‘फेरस सल्फेट’च छापलेलं असतं.

सोडियम, कॅल्शियम, ॲल्युमिनिअम, जस्त, चांदी यांना रोमन अंक लावू नका. त्यांची नेहमीची संयुजा एकच.

भागाकार नीट होत नसेल तर घाबरू नका. मॅग्नेटाइट, एफ ई थ्री ओ फोर: ८ ऋण, तीन लोह, पूर्णांक येत नाही. कारण त्यात दोन प्रकारचं लोह एकत्र आहे, एक अणू २ चा आणि दोन अणू ३ चे. २ अधिक ६, आठ. हिशेब जुळला.

उत्तर अशक्य आलं तर मात्र ऋण मूलक पुन्हा तपासा. बी ए ओ टू घ्या. वरच्या रीतीने बेरियम ४ येतं, पण बेरियम नेहमी २ च असतं. म्हणजे ते दोन ऑक्साइड नाहीत, ऑक्सिजनचे दोन अणू मिळून एकच पेरॉक्साइड मूलक आहे, संयुजा २. बेरियम पेरॉक्साइड. अशा जोडीतला दोन लहान करायचा नसतो. सोडियम पेरॉक्साइड एन ए टू ओ टूच राहतं. पाऱ्याचंही तसंच. मर्क्युरी-वन क्लोराइड हे एच जी टू सी एल टू, एच जी सी एल नव्हे, कारण तिथे पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात.

७. स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी. मुख्य सूत्रानंतर टिंब देऊन पाण्याचे रेणू लिहा. मोरचूद: सी यू एस ओ फोर, टिंब, फाइव्ह एच टू ओ. नाव कॉपर-टू सल्फेट पेंटाहायड्रेट. पाण्यावर प्रभार नाही, त्यामुळे अंगठ्याच्या हिशेबात ते धरायचंच नाही.

सरावाला पुस्तकातली क्लोराइडं सोडा. हिराकस (एफ ई एस ओ फोर, टिंब, सेव्हन एच टू ओ), नवसागर (एन एच फोर सी एल), सोरा (के एन ओ थ्री) यांची नावं काढा, आणि अमोनियम सल्फेटचं सूत्र लिहा. शेवटच्यात कंस लागतो, आणि तो डावीकडच्या मूलकाला.