पोरगं जेवत नाही? चटणी घालायच्या आधी त्याची वाटी बाजूला काढा

माझी लेक सव्वा वर्षाची होती तेव्हा आमच्या घरात तिचं एक जेवण दीड तास चालायचं. एका हातात मऊ भाताची वाटी, दुसऱ्या हातात मोबाईल, ती पुढं आणि मी मागं, हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून खालच्या काकूंच्या दारात, आणि एवढं फिरून पोटात किती गेलं तर सहा-सात घास. रात्री अंथरुणावर पडलं की रडायला यायचं. आता ती अडीच वर्षांची आहे, आमच्यासोबत पाटावर बसते, स्वतःच्या हातानं खाते, कधी भरपूर खाते कधी दोन घासात उठते, पण तिच्या जेवणावरून घरात भांडण होत नाही. हे बदलायला दीड-दोन महिने लागले. काय काय केलं ते क्रमानं लिहितेय, एक ते तीन वर्षांचं लेकरू ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी.

पहिलं काम: खरंच कमी खातंय का ते बघा

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र वर्षभरात मिळून साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे वाढायचा वेगच कमी होतो, मग भूकही कमी होते, आणि नेमकं त्याच वेळी पोरगं चालायला लागलेलं असतं त्यामुळं त्याला बसायचं नसतं. आपल्याला वाटतं काय खाईनाच झालंय. मलाही तेच वाटायचं.

म्हणून घास मोजू नका, वजन मोजा. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड घरात असेल ते काढा, त्यात वजनाचा तक्ता असतो, मुलींचा वेगळा मुलांचा वेगळा. महिन्याला नाहीतर दोन महिन्यांनी त्यावर ठिपका द्या. रेघ हळूहळू का होईना वर चाललीय आणि पोरगं खेळतंय, हसतंय, तर टेन्शन घ्यायचं कारण नाही. पण वजन दोन-तीन महिने जागचं हलत नसेल, कमी झालं असेल, चेहरा पांढरट दिसत असेल, माती नाहीतर भिंतीचे पोपडे खात असेल (हे अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं), प्रत्येक जेवणात ठसका लागत असेल, तर खालचं काही करत बसू नका, आधी बालरोगतज्ज्ञांकडं जा.

दुसरं काम: दुधाचा हिशोब करा

कोल्हापुरात हे सांगणं अवघड आहे. तालमीचं गाव, गंगावेशीत कट्ट्यावर डोळ्यासमोर म्हैस पिळून फेसाळ दूध प्यायला मिळतं असं गाव, इथं पोराला दूध कमी द्या म्हटलं की घरातली मोठी माणसं आपल्याकडं वेगळ्याच नजरेनं बघतात. पण मी एक दिवस नुसतं लिहून काढलं तर लेकीच्या पोटात तीन बाटल्या, म्हणजे जवळजवळ पाऊण लिटर म्हशीचं दूध जात होतं. एवढुसं पोट, त्यात एवढं दाट दूध, मग भातभाकरीला जागा राहणार कुठं?

एक वर्षानंतर दिवसाला चारशे ते पाचशे मिली दूध पुरतं, आणि त्यात दहीही धरायचं. दुधात कॅल्शियम भरपूर असलं तरी लोह अगदी नावापुरतं असतं, वर ते दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. आणि कच्चं दूध लहान पोरांना देऊ नका, कट्ट्यावरचं असो नाहीतर गोठ्यातलं, उकळूनच द्या. आम्ही बाटली बंद करून फुलपात्रातून द्यायला लागलो, आधी दुपारची बाटली बंद केली, आठवड्यानं सकाळची, आणि रात्रीची सगळ्यात शेवटी. तोंडात बाटली घेऊन झोपायची सवय तर मोडाच, त्यानं पुढचे दात किडतात. अंगावरचं दूध चालू असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही खुशाल चालू ठेवा, फक्त जेवणाच्या तोंडावर पाजू नका. आणि चहा-खारी, चहा-बिस्कीट बंद. चहानंही लोह शोषायला अडथळा येतो.

तिसरं काम: वेळा बांधा

सकाळी आठ, साडेदहाला फळ, साडेबारा-एकला जेवण, चार-साडेचारला काहीतरी, रात्री साडेसात. तुमच्या घरच्या वेळा वेगळ्या असतील तर वेगळ्या ठेवा, फक्त मध्ये साधारण अडीच-तीन तासांचं अंतर हवं आणि त्या मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नाही. बिस्कीटपुडा नाही, आजोबांच्या खिशातली गोळी नाही, शेजारच्या काकूंचा चिवडा नाही.

सगळ्यात जास्त ताकद इथंच लागते कारण इथं पोराला नाही, मोठ्यांना समजवायचं असतं. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "अगं उपाशी ऱ्हाईल की पोरगी, एक बिस्कीट दिलं म्हणून काय बिघडतंय?" मी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, आत्या, आठ दिवस माझं ऐका, नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं करू, आणि चारचं खाणं तुम्हीच द्या, केळं, शिरा, थालीपीठ जे तुम्हाला वाटेल ते. त्यांच्या हातात एक वेळ दिली आणि बिस्कीट आपोआप थांबलं. आजीला नातीला भरवायचं असतं, ते सुख काढून घेऊ नये, त्याला नुसती वेळ लावून द्यावी.

चौथं काम: एकच भांडं, पण वाटी आधी

हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे करा. पोराचा वेगळा स्वयंपाक बंद. मी वर्षभर लेकीसाठी वेगळी खिचडी, वेगळा मऊ भात करत होते, आणि ती आमच्या ताटाकडं बघत बसायची. तिला आमचं खायचं होतं, आणि आमचं तिला देता येत नव्हतं कारण आमच्याकडं आमटीत, भाजीत, झुणक्यात, सगळ्यात चटणी. चटणी म्हणजे उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवतो ती कांदा-लसणाची लाल चटणी, कोल्हापुरी घरात तिच्याशिवाय फोडणी पुरी होत नाही.

मग साधं सूत्र धरलं, डाळ शिजली, हळद जिरं लसूण कढीपत्त्याची फोडणी बसली, की चटणी आणि मीठ घालायच्या आधी लेकीची वाटी काढायची. तिच्या वाटीत चिमूटभर मीठ वेगळं. मग बाकीच्या आमटीत खुशाल चटणी घाला. भाजीचंही तसंच, कांद्यावर भाजी परतून शिजली की दोन डाव बाजूला. वांगं, दोडका, मेथी, पावटा, अख्खा मसूर, सगळं असंच. पाच मिनिटंही जादा लागत नाहीत, फक्त लक्षात राहायला हवं, म्हणून मी तिची स्टीलची वाटी चटणीच्या डब्यावरच ठेवते, डबा उघडायचा तर वाटी आधी हातात येते.

रविवारचं मटण असेल तर काम अजून सोपं. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याची सोय कधीच करून ठेवलीय, तांबडा-पांढरा रस्सा करायच्या आधी मटण शिजवलेलं जे पाणी असतं ते आळणी, ते पोरांना आणि आजाऱ्यांना द्यायची पद्धत आहेच. आळणीत भात कालवा, आणि नुसतं पाणी देऊ नका, मऊ शिजलेला तुकडा बोटांनी रेषा-रेषा सुटा करून त्यात घाला, लोह त्या तुकड्यात आहे. हाडाची कपची राहिली नाही ना हे बोटांनीच तपासा, डोळ्यांवर विसंबू नका. मटण खात नसाल तर डाळी, उसळी, मेथी, आणि चालत असेल तर अंडं. डाळीवर लिंबू पिळा, त्यानं लोह चांगलं अंगी लागतं.

भाकरी ज्वारीची असो की नाचणीची, मधला मऊ पापुद्रा आमटीत कुस्करून वर चमचाभर तूप. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालायची गरज नाही, आणि गूळ आपल्या कोल्हापूरचा असला तरी तीही साखरच, म्हणून त्यालाही तोच नियम, सणावाराला घास दिला तर दिला.

तिखटाची घाई करू नका. आमची आता चटणी घातलेल्या आमटीत भाकरीचं टोक बुडवून जीभ लावून बघते, हा-हा करते, पाणी पिते, परत बुडवते. ते तिचं तिनं सुरू केलं.

पाचवं काम: मोबाईल बाजूला, सगळे एकत्र खाली

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास. पण जेवताना मोबाईलचं आणखी एक नुकसान होतं, पोरगं काय खातंय ते बघत नाही, चव घेत नाही, पोट भरल्याचं त्याला कळत नाही, आपण तोंडात सारतो आणि ते गिळतं.

आम्ही शनिवारी सुरुवात केली कारण शनिवार-रविवार नवरा घरी असतो आणि एकटीनं हे झेपत नाही. जेवायच्या आधी घरातले सगळे मोबाईल फ्रिजवर. सगळे म्हणजे सगळे, आजोबांचाही. ती पहिल्या दिवशी फ्रिजखाली बसून अर्धा तास रडली, काहीच खाल्लं नाही. आम्ही शेजारी बसून जेवत राहिलो, नवरा तिच्याशी बोलत राहिला, ही बघ तुझी भाकरी, ही माझी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार घास खाल्ले. तिसऱ्या दिवशीही रडली पण कमी. पाचव्या-सहाव्या दिवशी मोबाईल मागितलाच नाही. त्या तीन दिवसांत घरातल्या एकानंही हळूच मोबाईल दिला तर परत पहिल्यापासून सुरुवात, त्यामुळं आधी घरात सगळ्यांचं एकमत करा आणि मगच हात घाला.

बसायला पाट, समोर छोटं ताट, खाली जुनी चादर. सांडणारच. हातानं खाऊ द्या, डाळभात केसाला लागेल, कानाला लागेल, लागू द्या. बोटांनी उचलून तोंडापर्यंत न्यायचं हे तिच्यासाठी शिक्षणच आहे.

सहावं काम: काय आणि कधी ते आपण ठरवायचं, किती ते त्यानं

ताटात थोडंच वाढा, एक चमचा भात, बोटभर भाकरी, एक चमचा भाजी. मोठं ताट भरलं की पोरं भांबावतात. संपलं आणि मागितलं तर परत द्या. तोंड फिरवलं, ओठ मिटले, ताट ढकललं की तिला नको आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी शांतपणे ताट उचला, "का खात नाहीस", "बागुलबुवा येईल", "खाल्लंस तर चॉकलेट देते" हे काही म्हणायचं नाही. नाक दाबून, पाय धरून तर कधीच भरवू नका, मी एकदा असं केलंय आणि त्यानंतर चार दिवस ती वाटी बघितली की पळायची.

नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं नसतं. दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. दोडका आमच्याकडं किती वेळा परत गेला, मग एक दिवस बाबांच्या ताटातला उचलून खाल्ला.

घशात अडकायचं काय

हे मात्र गंभीरपणे घ्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, भडंग, खोबऱ्याचा तुकडा, उसाचा करवा, अख्खं द्राक्ष, कच्च्या गाजराचा तुकडा, कडक गोळी, हे चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नका. शेंगदाण्याचा कूट द्या, द्राक्षाचे उभे चार भाग करा, गाजर शिजवा. रंकाळ्यावर फिरायला गेलो की आपण भेळ घेतो आणि पोरगं हात पुढं करतं, तेव्हा त्यातले दाणे बघा. पळताना, हसताना, गाडीवर पुढं बसलेलं असताना घास देऊ नका.

अडकलंच आणि पोरगं जोरात खोकतंय तर खोकू द्या. खोकता येत नाही, आवाज निघत नाही, ओठ निळे पडताहेत तर एका माणसानं लगेच 108 ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं पोराला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा मारायच्या. नाही निघालं तर मागं बसून, मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवून, आत आणि वर असे पाच दाब. निघेपर्यंत आलटून पालटून हेच. पोरगं बेशुद्ध पडलं तर छाती दाबायला सुरू करायचं, म्हणून सीपीआर एकदा तुमच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नाही, त्याला पालथं धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब. दिसत नसताना घशात बोट घालू नका, ते आणखी आत जातं.

ताप-सर्दी असेल तेव्हा

तेव्हा वरचे सगळे नियम सैल. पेज, आळणी, ताकभात, जे जाईल ते, थोडं थोडं, आणि पाणी. जुलाब असतील तर ओआरएस. लघवी कमी झाली, पोरगं मलूल पडलं की दवाखाना. बरं झाल्यावर मात्र दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या, कारण आजारात गेलेलं वजन तेव्हाच भरून येतं. आजारपणात मोबाईल परत सुरू झाला असेल, आमच्याकडं झाला होता, तर ताप उतरल्यावर परत एका शनिवारी सगळे फोन फ्रिजवर ठेवा. दुसऱ्या खेपेला ती एकच दिवस रडली.