आजीच्या आठवणी जपायच्या तर सुरुवात कुठून करायची

घरातली मोठी बाई गेली की तेरा दिवस सगळे तिच्याविषयीच बोलत असतात, एकेक जण आठवण काढतो, मग गोडजेवण झालं की जो तो आपापल्या गावाला, आणि वर्षश्राद्धाला पत्रिकेत छापायला उरतं काय तर प्रेमळ, मायाळू, धर्मपरायण. हे शब्द खोटे नाहीत, पण ते कुणाच्याही आजीला लागू पडतात. म्हणून माझं म्हणणं असं की विशेषणं बाजूला ठेवा आणि ती रोज काय करायची ते लिहून काढा. तिची भक्ती तिच्या नेमात होती, ती तिथेच सापडेल.

पहिलं काम माणसांचं, कागद नंतर. तिला तरुणपणी पाहिलेली माणसं आता थोडीच असतात, तिची धाकटी बहीण, जाऊ, नणंद, वारीतल्या सोबतिणी. यातलं जे सगळ्यात म्हातारं असेल त्याच्याकडे आधी जा, दिवाळीपर्यंत थांबू नका. आणि गेल्यावर "आजीबद्दल काहीतरी सांगा" असं अजिबात विचारू नका, कारण मग "फार चांगली होती बाई" एवढंच मिळतं. त्यापेक्षा विचारा, पहाटे उठल्या उठल्या काय करायची, तुळशीला पाणी आधी की चूल आधी, रागावली की कुणाशी बोलायची नाही, माहेराहून काय आणलं होतं. हात कामात असले की म्हाताऱ्या बायका जास्त मोकळ्या बोलतात, मेथी निवडायला बसा किंवा वाती वळायला बसा आणि फोन शेजारी घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून द्या. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी आपल्या तोंडानं तारीख, गाव, कोण बोलतंय आणि आजीचं त्यांच्याशी नातं काय ते बोलून ठेवा, दहा वर्षांनी ऐकणाऱ्याला ते कळायला हवं ना.

सालाचा प्रश्न सगळ्यांनाच येतो. "लग्न कधी झालं" म्हटलं की "लय लहान होते" असं उत्तर. अशा वेळी खुणा विचारायच्या. गांधीजींना मारलं तेव्हा (१९४८) लग्न झालं होतं का, पानशेत फुटलं तेव्हा (१९६१) मोठा मुलगा केवढा होता, कोयनेचा भूकंप झाला (१९६७) तेव्हा कुठं राहत होते, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती का. बहात्तरचं विचाराच, त्या वयाच्या माणसांना तेव्हा खायला मिळालेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी अजून आठवते आणि त्यातनं घरातल्या इतर गोष्टी आपोआप बाहेर येतात.

कागदोपत्री पाहायचं असेल तर तहसील कार्यालयात जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर मिळू शकतं, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. शोधताना माहेरचं गाव आणि वडिलांचं नाव घेऊन जा, कारण कित्येकदा मुलीचं नाव लिहिलेलंच नसतं, बापाचं नाव आणि पुढे नुसतं "मुलगी". म्हणूनच तिचं माहेरचं पूर्ण नाव आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला घरातलं कोणी कधी विधीला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावावरून वंशावळीच्या वह्या असतात, तिथेही विचारा.

आता नेम. याला वेळ द्या, सगळ्यात मोलाचं हेच आहे. नुसतं "एकादशी करायची" लिहू नका, कशी करायची ते लिहा. आमची आजी आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं तोंडात घालायची नाही, आणि द्वादशीला सकाळी आधी गाईचा घास काढून मग तुळशीचं पान तोंडात टाकून उपास सोडायची, तोवर चहासुद्धा नाही, घरात पाहुणे असोत की लग्न असो. संध्याकाळी हरिपाठ म्हणताना दारात कोणी आलं तर मानेनं बस म्हणायची पण अभंग मधे तोडायची नाही. असं एक वाक्य दहा विशेषणांना भारी पडतं.

वारीला जात असेल तर दिंडी कुठली ते शोधा. माउलींच्या पालखीत दिंड्यांना नंबर असतात, रथापुढची अमुक नंबर किंवा रथामागची अमुक नंबर. नंबर कळला की दिंडीचालक गाठता येतो, आणि भिशी (दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी) भरणाऱ्यांची यादी जुन्या वहीत असली तर तिचं नाव सापडेलही. आणि तिच्याबरोबर चालणाऱ्या बायका सापडल्या तर मुक्कामावर ती कशी असायची हे घरातल्या कुणालाच माहीत नसलेलं कळतं.

ओव्या राहिल्या. जात्यावरच्या ओव्या तिला येत असतील तर त्या बहिणीला किंवा शेजारणीलाही येत असणार, लगेच रेकॉर्ड करा, चाल महत्त्वाची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून १ लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या आता "पारी"च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर येतायत, गाव आणि गाणारणीच्या नावासकट. आपलं गाव त्यात आहे का बघून घ्या.

वस्तूंमधे देव्हाऱ्यातली पोथी आधी हातात घ्या. आमच्याकडच्या पोथीच्या पानांच्या कोपऱ्यावर हळदकुंकवाची बोटं उमटलीत, जी पानं रोज उलटायची तिथे जास्त गडद, आणि मागच्या कोऱ्या पानावर सगळ्या नातवंडांच्या जन्मवेळा. पोथी पुसू नका, नवीन बाइंडिंग करू नका, आहे तशी दिवसाच्या उजेडात पानोपान फोटो काढा. जुनी कालनिर्णय रद्दीत देऊ नका, त्या चौकोनात दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला, कोण आलं गेलं सगळं तिच्या अक्षरात असतं. लिहिता येत नसेल तर रेशनकार्डावरचा अंगठाही तिचाच आहे, त्याचाही फोटो घ्या.

लुगडी वाटताना एक दोन मऊ झालेली बाजूला ठेवून गोधडी शिवून घ्या, गावात हाताने शिवणाऱ्या बायका अजून आहेत. प्रत्येक लुगड्याचा आधी फोटो काढा आणि कुठल्या प्रसंगाचं ते लिहून ठेवा, गोधडीत गेलं की काठ ओळखू येत नाहीत. पदार्थांचं म्हणाल तर तिचं मापटं, तिची वाटी शोधा आणि आता ग्रॅममधे मोजून लिहा, "अंदाजानं घाल" पुढच्या पिढीच्या उपयोगाचं नाही.

आणि तिला देवी करू नका. सासुरवास सोसला असेल, एखादं लेकरू गेलं असेल, देवावरही कधी रागावली असेल, तर तेही लिहा, त्याशिवाय तिची श्रद्धा कशावर उभी होती ते कळणार नाही. फक्त जे तिनं विश्वासानं एकाच लेकीला सांगितलं ते त्या लेकीला विचारल्याशिवाय छापू नका.

गेल्याची तारीख आणि तिथी दोन्ही लिहा, श्राद्ध तिथीनं होतं आणि पुढच्या पिढीला ती सांगणारं कोणी नसतं. सवाष्ण गेली असेल तर पितृपक्षातल्या अविधवा नवमीचीही नोंद ठेवा. रेकॉर्डिंगच्या फाइलला नाव, गाव, साल घाला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका कारण फोन बदलला की जातं, एक कॉपी पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडे तरी ठेवा. वही झेरॉक्स करून वर्षश्राद्धाला आलेल्या प्रत्येक घरात द्या, मागची चार-पाच पानं कोरी सोडून, म्हणजे ज्याला जे आठवेल ते त्यानं लिहून पाठवावं.