डिजिटल रुपया वापरू लागताना रोखीचे नियोजन कसे करावे

रोख पैसा लवकरच बंद होणार का, हा प्रश्न बेळगावच्या खडे बाजारापासून निपाणीच्या तंबाखू पेठेपर्यंत अनेक जण विचारतात आणि पुष्कळदा विचारणाऱ्याच्या मनात यूपीआय, डिजिटल रुपया आणि बिटकॉइन यांची सरमिसळ झालेली असते. ती आधी दूर करावी. यूपीआय हे चलन नव्हे. आपल्या बँक खात्यातील रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पोहोचवणारी ती यंत्रणा आहे. डिजिटल रुपया मात्र खुद्द रिझर्व्ह बँकेने काढलेले चलन असून त्याच्या किरकोळ वापराची चाचणी १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली. तो नोटेप्रमाणेच वैध आहे आणि नोटेप्रमाणेच त्यावर व्याज मिळत नाही. बिटकॉइन या आभासी चलनाला आपल्याकडे वैध चलनाचा दर्जा नाही, शिवाय त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. घरखर्चाच्या हिशेबात त्याला जागा देऊ नये.

मार्च २०२५ अखेर देशात ३६ लाख कोटी रुपयांहून अधिक मूल्याच्या नोटा चलनात होत्या, तर डिजिटल रुपया सुमारे १,०१६ कोटींचा होता. एवढ्या अंतरावरून रोख नजीकच्या काळात संपेल असे मला वाटत नाही. तरीही देशाच्या आकड्यांपेक्षा आपल्या गावाची कसोटी अधिक उपयोगी ठरते. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे मुसळधार पावसात वीज गेली आणि मोबाइलची रेंजही गेली, तर किराणा कसा घ्याल? सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेच्या गर्दीत नेटवर्क कोलमडले, तर नारळाचे पैसे कसे द्याल? डिजिटल रुपयात इंटरनेटविना व्यवहाराची सोय आणली जात आहे, परंतु ती आपल्या बँकेच्या ॲपमध्ये आहे का आणि समोरच्या दुकानदाराकडे चालते का, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

सुरुवात करताना आपली बँक डिजिटल रुपयाची सेवा देते का, याची शाखेत चौकशी करावी आणि ॲप बँकेने सांगितलेल्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नव्हे. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्याच फोनमध्ये चालू असावा लागतो. ज्यांचे खाते कोल्हापुरात किंवा चंदगडला आणि राहणे बेळगावात आहे, त्यांनी जुना क्रमांक बंद पडलेला नाही ना, हे आधी तपासावे. मग शंभर-दोनशे रुपये ॲपमधील डिजिटल पाकिटात भरून ओळखीच्या दुकानात वापरून पाहावेत. यूपीआयचा क्यूआर कोड याच ॲपने स्कॅन करता येतो, त्यामुळे दुकानदाराला वेगळा फलक लावावा लागत नाही. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे आणि फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर व बँकेला कळवावे.

रोख किती ठेवावी, याचे उत्तर घरातील सर्वांत कमी फोन वापरणाऱ्या माणसाकडे पाहून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये घरच्या कर्त्या स्त्रीच्या खात्यात जमा होतात आणि अनेक बायका ते काढून नोटा स्वतःजवळ ठेवतात, कारण लुगड्याच्या पदराला बांधलेल्या नोटेचा खर्च त्यांना कोणाला विचारून करावा लागत नाही. तेच पैसे घरातील एकमेव फोनमध्ये गेले की फोन ज्याच्या खिशात, त्याच्या हाती निर्णय जातो. म्हणून अशा घरात आधी तिच्या नावाचा क्रमांक आणि तिलाच ठाऊक असलेला पिन हवा. तोवर रक्कम रोखच राहू द्यावी. इतर घरांनी आठवड्याचा बाजार, दूध, औषधे आणि बसभाडे भागेल एवढी रोख बाजूला ठेवावी. पावसाळ्यात ती दुप्पट करावी आणि तीही दहा, वीस, पन्नासच्या नोटांत, कारण पाचशेची नोट पुढे केली की सुट्ट्यांसाठी पुन्हा अडायला होते.

दुकानदारांनी एक गोष्ट अधिक लक्षात घ्यावी. जुलै २०२५ मध्ये यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे कर्नाटकातील हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळूरुत अनेकांनी क्यूआर कोड काढून 'फक्त रोख' असे फलक लावले. ही भीती समजण्यासारखी असली, तरी क्यूआर कोड काढून कायदा बदलत नाही: मालाच्या विक्रीत वार्षिक ४० लाखांची आणि सेवांत २० लाखांची नोंदणीची मर्यादा रोख व डिजिटल अशा एकूण उलाढालीला लागू होते. त्यामुळे घरचे हातउसने पैसे आणि दुकानाची विक्री यांसाठी वेगवेगळी खाती ठेवावीत, भाजी-दुधासारख्या करमुक्त मालाची विक्री वहीत स्वतंत्र लिहावी, खरेदीची बिले जपावीत आणि रोज दुकान बंद करताना गल्ल्यातील रोख व फोनवरील जमा यांची बेरीज त्याच पानावर करावी.