वायफाय कंट्रोलर लावताय? आधी सगळं एका टेबलावर जोडा, मग स्टूल काढा

इंदूरला रामबागेत आमच्या काकांचं तीन मजली जुनं घर आहे, भिंती दीड-दीड फुटाच्या, आणि वरच्या दोन मजल्यांवर एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारी मुलं राहतात. राउटर खाली, वर रेंजच नाही, मुलं मोबाइल घेऊन जिन्यात बसायची. काकांना ते बघवेना, म्हणून चार एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरनं नेट घेऊन आसपास वायफाय देणारे डबे) आणि टीपी-लिंकचा ओमाडा ओसी२०० कंट्रोलर आणला. दुसऱ्या कंपनीचा असला तरी क्रम साधारण हाच.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, कंट्रोलर म्हणजे राउटर नाही. इंटरनेट राउटरच देतो, आयपी (नेटवर्कमधला प्रत्येक डिव्हाइसचा नंबर) तोच वाटतो, कंट्रोलर फक्त सगळ्या एपींचं नाव-पासवर्ड, चॅनल, अपडेट एका जागेवरून सांभाळतो. म्हणून तो मधे घालायचा नाही. राउटरची एक वायर पीओई स्विचला (नेटच्या वायरमधूनच वीजही देणारा स्विच), स्विचमधून एक कंट्रोलरला, बाकीच्या एपींना, झालं.

ओसी२०० ला ८०२.३एएफ (थोडक्यात 'एएफ', पीओईचं एक स्टँडर्ड) पीओई चालतं, नाहीतर ५ वोल्टचा मायक्रो यूएसबी अडॅप्टर. घरात २४ वोल्टचा जुना पॅसिव्ह इंजेक्टर (नेटच्या वायरमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर) पडलेला असेल तर तो मात्र लावू नका, वायर तीच बसते पण वोल्टेज वेगळं असतं. स्विच घेताना नुसते पोर्ट मोजू नका, एएफमध्ये एका पोर्टाला १५.४ वॉटपर्यंत लागू शकतात म्हणजे चार भरले की ६१.६, खोक्यावर एकूण पीओई किती लिहिलंय ते बघा. आणि कॅट ६ वायर शुद्ध तांब्याचीच घ्या, वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असलेली स्वस्त मिळते पण पीओईचा करंट तिच्यातून गेला की ती जास्त तापते.

आता मुख्य गोष्ट. मी पहिल्यांदा चारही एपी छताला ठोकले आणि मग लॅपटॉप उघडला. लिस्टमध्ये चार सारखी नावं, कुठला कुठल्या मजल्यावरचा काही कळेना, त्यात एक सेकंडहँड होता तो 'मॅनेज्ड बाय अदर्स' दाखवत होता, म्हणजे जुन्या मालकाच्या कंट्रोलरनं त्याला धरून ठेवलेलं. परत स्टूल, परत स्क्रू, खाली काढून रिसेट दाबून ठेवला तेव्हा सुटला. तर तुम्ही सगळं जेवणाच्या टेबलावर मांडा. प्रत्येक एपीच्या मागे मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या डब्याचा स्वतःचा वेगळा नंबर छापलेला असतो, त्याची शेवटची चार अक्षरं मास्किंग टेपवर लिहा आणि पुढे 'जिना', 'गच्ची' असं लिहून चिकटवा.

मग राउटरच्या पेजवर कंट्रोलरला कुठला आयपी मिळालाय ते शोधा आणि तो तिथेच रिझर्व्ह करून टाका, नाहीतर उद्या बदलला की शोधत बसाल. राउटरकडून आयपी मिळालाच नाही तर ओसी२०० १९२.१६८.०.२५३ वर येतो, तेव्हा लॅपटॉपला त्याच रेंजमधला आयपी हातानं द्यावा लागतो. ब्राउझर सर्टिफिकेटची वॉर्निंग देईल, लोकल पेज आहे, पुढे जा. विझार्डमध्ये भारत निवडा, टाइमझोन बघा, वायफायचं नाव-पासवर्ड द्या. डिव्हाइसेसमध्ये एपी 'पेंडिंग' दिसतात, एकेक करून अडॉप्ट दाबा (म्हणजे तो एपी कंट्रोलरच्या ताब्यात येतो), 'कनेक्टेड' झालं की लगेच टेपवरचं नाव तिथे टाका. अडॉप्ट झाल्यावर एपीचा जुना लॉगिन चालत नाही, साइट सेटिंगमधला डिव्हाइस अकाउंट लागतो, तो आत्ताच डायरीत उतरवा. फर्मवेअर (एपीच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट पण टेबलावरच उरकून घ्या.

यानंतर भिंतीला लावा, आणि राउटरचं स्वतःचं वायफाय बंद करायला विसरू नका, नाहीतर मोबाइल त्यालाच चिकटून बसतात. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६, ११ हेच वाटून द्या, शेजारच्या दोन एपींना एकच नको, आणि पॉवर हाय वरून मीडियमला आणा म्हणजे मोबाइल लांबचा एपी सोडून जवळचा पकडतो. काकांकडे हेच केल्यावर एक मुलगा घरी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत खोलीतून थेट गच्चीपर्यंत गेला, कॉल तुटला नाही.

राउटर, स्विच आणि कंट्रोलर तिन्ही एकाच यूपीएसवर ठेवा, कारण लाइट गेली की कंट्रोलर झटक्यात बंद होणं चांगलं नाही. तो बंद पडला तरी साधं वायफाय चालू राहतं, पण लॉगिन पेज लावलं असेल तर नवीन माणसाला आत येता येत नाही. ओसी२०० ला यूएसबी पोर्ट आहे, त्यात पेनड्राइव्ह लावून ऑटो बॅकअप सुरू करून ठेवा.